मधली जागा

१

लोकांना वाटतं, पाणपक्ष्यांच्या अभयारण्यात नोकरी म्हणजे गळ्यात दुर्बीण अडकवून फिरायचं आणि महिन्याच्या शेवटी पगार घ्यायचा. माझा अर्धा दिवस चिखलात जातो, आणि तोही पक्ष्यांना फसवण्यात. आमचं तळं मधे काही वर्षं आटलं होतं. पुन्हा पाणी आलं, गवत आलं, मासेसुद्धा आले, पण दरसाल लांबून येणारे पक्षी वरून एक नजर टाकून पुढे निघून जायला लागले. खाली कोणी बसलेलंच नाही, तर आपण कशाला उतरा? म्हणून आम्ही लाकडाचे राजहंस केले. त्यांना आम्ही ठोकळे म्हणतो. एकेकाला खुंटीवर बसवून उथळ चिखलात रोवायचं. मग वरून जाणाऱ्यांना वाटतं की खाली मंडळी जमली आहेत, म्हणजे जागा बरी असणार.

ह्यात सांभाळायच्या गोष्टी दोनच. खरा पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतो, म्हणून वारा फिरला की एकेक ठोकळा हाताने फिरवायचा. आणि ठोकळे गोलात रोवून मधे जागा मोकळी सोडायची, कारण उतरणारा थवा त्या मोकळ्या जागेतच उतरतो. नवीन आलेली माणसं हमखास मधली जागाही भरून टाकतात, आणि मग कोणीच का उतरत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात.

ठोकळे रंगवायचं काम मी बाबांना दिलं होतं. बाबा शिंपी. आई गेल्यावर त्यांनी मशीन विकलं आणि माझ्याकडे, तळ्याकाठच्या ह्या दोन खोल्यांत राहायला आले. दादा दुसऱ्या शहरात असतो, त्याच्याकडे जागा मोठी, नात खेळायला, पण बाबा म्हणाले, तिथे सगळे घाईत असतात. इथे घाई नव्हती आणि माणूसही नव्हता. मी चिखलात, आणि बाबा व्हरांड्यात ब्रश घेऊन. ठोकळ्यांच्या पोटाला आम्ही रंग लावत नाही, कारण वरून पोट दिसत नाही. बाबांना ते मुळीच पटायचं नाही. "अस्तर नसलेला कोट म्हणजे काय कोट झाला?" असं म्हणून ते तोंड वाकडं करायचे.

एका दुपारी मी परत आले तर ब्रश वाळत पडला होता आणि बाबा तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसले होते.

"पलीकडे माणसं आलीत," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला वाईटच वाटलं. मी त्यांच्याशी दिवसभरात किती बोलते, ते मलाच मोजायला नको होतं.

२

पलीकडे म्हणजे पलीकडच्या लपणात. लपण म्हणजे पक्षी बघायला बांधलेली लाकडी खोली. दार मागे, समोरची भिंत फक्त कमरेपर्यंत, आणि आत एक लांब बाक. पलीकडचं लपण त्या हंगामात आम्ही बंद ठेवलं होतं, कारण तिकडे जाणारी फळ्यांची वाट एका ठिकाणी खचली होती. वाटेच्या तोंडाला मी स्वतः दोरी बांधून पाटी लावली होती.

मी दुर्बिणीतून पाहिलं. बाकावर चौघं बसली होती, डोळ्यांना दुर्बिणी लावून. दोघं ह्या टोकाला, दोघं त्या टोकाला. आपसात भांडण झालं असेल, असं मी म्हटलं, आणि बाबा हसले.

"त्या उंच माणसाचा कोट बघ," ते म्हणाले. "बटणं उलट्या बाजूला आहेत."

"बायकोचा घालून आला असेल."

"बायकी शिवण नाही ती. आणि चौघांचेही तसेच आहेत. आरशात बघून शिवल्यासारखे." शिवणकाम सोडल्यापासून ते पहिल्यांदाच कुणाच्या कपड्यांना नावं ठेवत होते. "कोण शिंपी असेल कोण जाणे. एकदा भेटायला हवं."

मी फाटकावर गेले. तिकिटं फाडणारे आमचे काका तिथे पाय पसरून बसलेले असतात.

"बंद लपणात माणसं सोडलीत तुम्ही?"

"माझ्या फाटकातून मुंगीसुद्धा गेली नाही," काका म्हणाले. आता काका दुपारी घोरतात, त्यामुळे मुंगीचं खात्रीने सांगता येत नाही. शिवाय पलीकडच्या शेतातून चोरवाट आहेच. फुकटे पक्षीनिरीक्षक जगात सगळीकडे असतात. मी मनात त्यांना चार शिव्या दिल्या आणि कामाला लागले.

३

दुसऱ्या दिवशीही ती माणसं होती. मग रोजच दिसायला लागली. सकाळी धुकं विरलं की ती बसलेली असायची, आणि संध्याकाळी उजेड कमी झाला की दिसेनाशी व्हायची. येताना किंवा जाताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण मी काही दिवसभर डोळे लावून बसत नव्हते, आणि मला त्यात विशेष वाटायचं कारण नव्हतं.

विशेष वाटलं ते ससाणा आला तेव्हा. ससाण्याने पाण्यावर झेप घेतली आणि तळ्यावरची सगळी बदकं एकदम उठली. त्या आवाजाने व्हरांड्याच्या काचा थरथरतात, काका जागे होतात. पक्षी बघायला आलेला माणूस अशा क्षणासाठी थंडीत तासन्‌तास बसतो. पलीकडे एकाचीही दुर्बीण हलली नाही. चौघांचीही होती तशीच राहिली, सरळ समोर. आणि समोर त्या रेषेत पाणी सोडलं तर फक्त आमचं घर आहे.

मी भित्री नाही. मी रागावले आणि निघाले.

पाटीची दोरी मी बांधली होती तशीच होती. खचलेल्या जागी मी उडी मारून पलीकडे गेले. दोन्ही बाजूंना माझ्या डोक्यापेक्षा उंच लव्हाळं, त्याची सळसळ, आणि माझ्या बुटांचा आवाज. लपणाजवळ पोचले तेव्हा आत बाक करकरला. बसलेल्या माणसांनी सरकून नव्या माणसाला जागा करून द्यावी, तसा. म्हणजे आहेत, असं म्हणत मी खाडकन दार उघडलं.

आत कोणी नव्हतं. बाक ओला होता, चिखलाचा वास येत होता. बाकाची फक्त मधली हातभर जागा कोरडी होती. लाकूड ओलाव्याने करकरतं, उन्हाने करकरतं, मला हे चांगलं माहीत आहे. मी त्या अर्ध्या भिंतीपाशी उभी राहून आमच्या घराकडे पाहिलं. व्हरांड्यात बाबा दुर्बिणीपाशी दिसत होते. त्यांनी हात हलवला. मीही हलवला.

परतले तेव्हा बाबांनी चहा करून ठेवला होता.

"चांगली वाटली माणसं," ते म्हणाले. "काय बोलत होतीस एवढं?"

"कुणाशी? तिथे कोणी नव्हतं."

"असं काय करतेस? तू त्यांच्यातच तर बसली होतीस. त्यांनी मधे जागा ठेवली होती."

"मी बसले नाही, बाबा. मी उभी होते."

"बसली होतीस," बाबा समजुतीने म्हणाले, लहानपणी खोटं पकडल्यावर म्हणायचे तसं. "चांगली टेकून बसली होतीस. मग उठून आलीस."

बाबांचं वय झालंय, डोळे अधू झालेत, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच अधू डोळ्यांनी तळ्यापलीकडची बटणं ओळखली होती, हे मात्र मी स्वतःला सांगितलं नाही.

४

त्यानंतर बाबांनी तिकडे न्यायचा हट्ट धरला. मी वाट खचलीय म्हणाले, ते म्हणाले हळू जाऊ. मी पाय मोडेल म्हणाले, ते म्हणाले मोडला तर मोडला, इथे बसून तरी पायाचं काय लोणचं घालायचंय? शेवटी मी त्यांचे बूट उचलून गोदामात ठोकळ्यांच्या मागे लपवले. एवढ्या मोठ्या मुलीने बापाचे बूट लपवायचे, ह्याचं मला हसूही आलं.

दादाचा फोन आला तेव्हा बाबा त्याला म्हणाले, "आता मजेत आहे मी. इथे सोबत मिळालीय." दादाने मग माझ्याशी बोलताना मला चिडवलं. "बघ, उगाच जीव काढत होतीस. त्यांना चार माणसं हवी होती, बास." मला काही सांगायचं होतं. पण काय सांगणार? कोटाची बटणं उलटी आहेत म्हणून?

पुढच्या सकाळी वारा फिरला. मी चिखलात उतरले आणि ठोकळे फिरवायला लागले. काम आटोपून, कंबर ताठ करायला म्हणून, गोलाच्या मधे मोकळ्या जागेत उभी राहिले. माझ्या चहूबाजूंनी बाबांनी रंगवलेले राजहंस होते, सगळे शांत, सगळे एका दिशेला तोंड करून. इथून ते किती खरे दिसतात, असं मनात आलं. मग नजर सहज पलीकडे गेली.

दोघं ह्या टोकाला. दोघं त्या टोकाला.

मी वर्षानुवर्षं हे काम करतेय. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तरी मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. पण मी दुसऱ्यांसाठी ठोकळे रोवत राहिले, आपल्यासाठी कुणी रोवत असेल असा विचार कोण करतं?

मी धावले. चिखलाने एक बूट ओढून घेतला, तो तसाच सोडला. घरी कपाट उघडं होतं. बाबांनी स्वतःसाठी शिवलेला एकुलता एक चांगला कोट हँगरवर नव्हता. दारापासून पायऱ्यांपर्यंत आणि पुढे मातीत अनवाणी पावलं उमटली होती.

५

लपणाचं मागचं दार अर्धवट उघडं होतं. आत चौघं होती आणि मधे बाबा. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे.

पुढे जे दिसलं ते मी पोलिसांना सांगून पाहिलं, काकांना सांगून पाहिलं, आणि दरवेळी माझंच मला वेडगळ वाटलं. त्या चौघांना पाठ नव्हती असं नाही. पाठीच्या जागी काहीतरी होतं. पण तिथे काही केलेलं नव्हतं. कोट खांद्यावरून येऊन थांबला होता, केस कानांपर्यंत येऊन थांबले होते, आणि त्याच्यामागे कुणी मेहनत घेतली नव्हती. तळ्यावरून जे दिसत नाही, ते कशाला करा? ह्याहून जास्त मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

बाबांची पाठ मात्र पूर्ण होती. कॉलरची शिवण, मानेवरची सुरकुती, सगळं जिथल्या तिथे.

"बाबा, उठा. चला."

"आलीस? ये, बस."

"बाबा, ही माणसं नाहीत."

ते मागे वळले नाहीत. मग आई आजारी असताना तिच्याशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "मला कळत नाही का, पोरी? पहिल्याच दिवशी कळलं होतं, बटणांवरून. पण बसलेली तर दिसत होती."

मला रडू फुटलं. मी त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. आईला मी शेवटी एकटीने उचलून फिरवत होते आणि बाबा तर तिच्याहून हडकुळे. पण ते तसूभर हलले नाहीत. मी खाली पाहिलं. त्यांचे पाय फळ्यांवर टेकलेले नव्हते, फळ्यांमधून घोट्यापर्यंत खाली गेले होते, आणि खाली चिखल होता.

"दुखतंय का, बाबा?"

"नाही गं. बरं वाटतंय."

तेवढ्यात बाक करकरला. माझ्या बाजूचं कोणीतरी सरकलं. बाबांच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा झाली. मला ती जागा दिसली आणि माझे गुडघे आपोआप वाकले. फार दमले होते मी. आई गेल्यापासून दमलेच होते, आणि तिथे बाबा होते, आणि बसायला जागा होती.

काठावर एका बदकाने पंख झटकले. त्या आवाजाने मी भानावर आले आणि पळाले. काकांना बोलवायला पळाले असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खोटं नाही.

६

काका आणि मी पोचलो तेव्हा बाक रिकामा होता. पोलिसांनी लव्हाळं पालथं घातलं, होडीतून गळ टाकून तळ तपासला. ते तिथे असेतो पलीकडे काहीच दिसलं नाही. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी धुकं विरल्यावर ती माणसं पुन्हा बसली होती. आता पाच.

बाबा चांगले दिसत होते. केस विंचरलेले, कोट अंगावर नीट बसलेला. छातीवरचा खिसा भलत्याच बाजूला होता आणि बटणंही. बाबांनी मरतानासुद्धा उलटं काज केलं नसतं.

मी कार्यालयात फोन केला आणि लपण पाडा म्हणाले. साहेबांनी माझ्या वडिलांबद्दल फार हळहळ व्यक्त केली. मग म्हणाले, "पण तुम्हीच सांगा, हंगाम चालू असताना तिथे हातोडा कसा चालवणार? पक्षी उठतील." हा नियम मीच दरवर्षी सगळ्यांना ऐकवते. मी रॉकेलचा डबा घेऊन स्वतः निघाले. खचलेल्या फळीपर्यंत गेलेही. वाट तिथे पाण्यालगत वळते, त्यामुळे बाबांचा चेहरा दिसत होता, आणि त्यांना थंडी वाजत असेल असं माझ्या मनात आलं. ते बाबा नाहीत हे ठाऊक असून मनात आलं. काडी ओढायला हातच उचलेना. डबा घेऊन परत आले.

मोठी दुर्बीण मी काकांकडे देऊन टाकली. व्हरांड्याला चादर बांधली. काकांना विचारलं, तुम्हाला दिसतात का? काका म्हणाले, "मी तिकडे बघतच नाही, बाई." त्यानंतर त्यांनी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली ती अजून तशीच आहे.

७

दादा आला तेव्हा दुपार होती. मी त्याला बाबा बेपत्ता आहेत एवढंच कळवलं होतं. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. आता त्याला समोर बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी माझा हात हातात घेऊन म्हणाला, "किती दिवस झोपली नाहीस तू?"

"दादा, तू फक्त चादरीपलीकडे जाऊ नकोस. एवढं ऐक माझं."

"नाही जात," तो म्हणाला. "तू पड जरा. मी चहा टाकतो."

मी पडले नाही, नुसती भिंतीला टेकले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला, नळ वाजला. स्वयंपाकघराला एक खिडकी आहे. मी तिचा विचारच केला नव्हता.

"अगं!" दादा ओरडला. "अगं, ते काय बाबा! ते काय बसलेत!"

तो हसत होता आणि रडत होता. मी दारात आडवी उभी राहिले. त्याने मला लहान मुलीसारखं उचलून बाजूला ठेवलं. मी त्याचा शर्ट धरला, तो खांद्यापाशी टरकन फाटला. ते बाबा नाहीत, दादा, खिसा बघ, खिसा बघ, असं मी ओरडत होते आणि तो म्हणत होता, "हात केला त्यांनी, पाहिलंस ना? मला हात केला!" मला हात हललेला दिसला नाही.

मी त्याच्यामागे खचलेल्या जागेपर्यंत गेले. तो एका उडीत पलीकडे गेला. लव्हाळ्यातून त्याचा आवाज येत राहिला, बाबा, बाबा, आलो, आणि मग दार उघडल्याचा आवाज आला. मग बाक करकरला. मी कान झाकले, पण पुढे ऐकण्यासारखं काही नव्हतंच. बदकं चरत होती, एकही उठलं नाही.

घरी परत आले तेव्हा चहा उतू जाऊन गॅस विझला होता. मी शेगडी बंद केली. ओट्यावर दादाचा फोन वाजत होता. वहिनी होती.

"ऐक ना, हे फोन का उचलत नव्हते? बाबा सापडले का?"

सापडले म्हटलं असतं तर ती मुलीला घेऊन त्यांना भेटायला आली असती. नाही म्हटलं असतं तर शोधायला आली असती. तिच्यामागे छोटीचा आवाज ऐकू येत होता, आजोबांना फोन द्या म्हणत होती.

"अगं, बोल की. हे कुठे आहेत?"

"वहिनी," मी म्हणाले, "इथे येऊ नकोस. काहीही झालं, कुणीही बोलावलं, तरी येऊ नकोस. तुला छोटीची शपथ आहे."

तिकडून किल्ल्यांचा आवाज आला.

"असं बोलल्यावर मी घरी कशी बसू गं?" वहिनी म्हणाली. "थांब, निघालेच मी."